एक दिवस प्लस

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर डेटाबेस हा शब्द कुठेच नाही. तरी गेली बारा-तेरा वर्षं ऑफिसात कुणाचं पोस्टग्रेस अडलं की तो माणूस माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो. हे कसं सुरू झालं, देव जाणे. कधीतरी कुणाची क्वेरी दहा मिनिटांवरून दोन सेकंदांवर आणली असेन, आणि मग गावात डॉक्टर आल्यावर जे होतं तेच झालं. सर्दी-पडशापासून सगळे येतात.

बरेचसे प्रश्न सर्दी-पडशाचेच असतात म्हणा. "काल यादी नीट क्रमाने येत होती, आज एक नाव एकदम खाली गेलं." ऑर्डर बाय लिहिलंय का? नाही. मग क्रमाची हमी कुणी दिली होती? पोस्टग्रेस रो अपडेट करताना जुन्यावर खाडाखोड करत नाही, नवी प्रत लिहितं. ती दुसरीकडे जाऊन पडली की तुझा क्रम हलला. "ओरॅकलवर चालत होतं, इथे नाही चालत." ओरॅकल रिकामी स्ट्रिंग आणि नल एकच धरतं, पोस्टग्रेस नाही धरत. "नॉट इन लावलं की एकही रो येत नाही, बग आहे का?" बग नाही बाबा, आतल्या यादीत कुठेतरी एक नल बसलाय. नल म्हणजे 'माहीत नाही'. ज्या यादीतलं एक नाव माहीतच नाही, त्या यादीत तू नाहीस असं छातीठोकपणे कोण सांगेल? डेटाबेस पण सांगत नाही. नॉट एक्झिस्ट्स वापर, आणि जा, चहा घे.

क्वेरी स्लो आहे म्हणून कुणी आलं की मी आधी एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ बघते. जाता जाता सांगते, हे प्रकरण क्वेरी खरोखर चालवून मोजतं. म्हणजे डिलीटच्या पुढे लावलंत तर खरोखर डिलीट होतं! आधी बिगिन लिहा, नंतर रोलबॅक. हे वाक्य मी आमच्या व्हाइटबोर्डवर लिहून ठेवलंय आणि ते पुसणाऱ्याला समोसे द्यावे लागतात.

तर अशा प्रश्नांची उत्तरं द्यायला डोकं लागत नाही, आठवण लागते. मला भीती वाटते ती अगदी साध्या, गुळगुळीत प्रश्नांची. त्यातला एक सांगायचाय.

आम्ही तेव्हा दूध डेअरीच्या संकलनाचं सॉफ्टवेअर करत होतो. (कंपनी कुठली, डेअरी कुठली, ते सोडा.) शेतकरी सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालतात, तिथे वजन, फॅट, एसएनएफ मोजून नोंद होते, हातात चिठ्ठी मिळते, आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर.

टीममध्ये नुकताच लागलेला एक मुलगा होता, सांगलीकडचा. एका शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला (हे प्रश्न कायम शुक्रवारी संध्याकाळी का येतात हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे) तो आला.

"मॅम, दोन मिनिटं आहेत? पोस्टग्रेसमध्ये तारखेत एक दिवस प्लस कसा करायचा?"

याचं उत्तर एका ओळीचं. तारीख अधिक एक. झालं. माझी बॅग भरून झाली होती, आणि सहा पंचावन्नची बस गाठायची होती. पण तो "सगळ्यांत नको, काहीच नोंदींत" असं काहीतरी पुटपुटला आणि मी बॅग खाली ठेवली.

"काहीच म्हणजे कुठल्या?"

"सकाळचं दूध आहे पण वेळ रात्रीची पडलीय. अकरा चाळीस, अकरा पन्नास अशी. केंद्रावरच्या मशीनचं घड्याळ चुकलं असणार. त्या नोंदी आदल्या दिवसात दिसतात. एका सेक्रेटरींचा फोन होता, एका सभासदाच्या एकाच तारखेला दोन सकाळ दिसतायत आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही. म्हणून म्हटलं, रात्री साडेसहाच्या पुढची वेळ आणि शिफ्ट सकाळ असेल तर केस लावून एक दिवस प्लस करू. स्क्रीनवर नीट दिसेल."

रात्री अकरा चाळीसला दूध! मी म्हटलं, त्यात साडेपाच तास मिळव.

त्याने बोटांवर मोजलं. "पाच दहा." आणि मग जरा थांबून, "मॅम, आमच्याकडे पण आजोबा पाचलाच जातात. नंतर रांग लागते."

सर्व्हर यूटीसीवर होता. भारतात सकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा कुठे तिथे नवी तारीख सुरू होते. आमचा कॉलम टाइमस्टँप विथ टाइम झोन या जातीचा होता, आणि या नावाने भलेभले फसतात. नावात झोन आहे, पण तो साठवला जात नाही. आत नेमका क्षण राहतो, यूटीसीत. दाखवताना तुमच्या सेशनचा जो झोन असेल त्यात तो दाखवला जातो. सेशन यूटीसीत, त्यातून नुसती तारीख काढली, की साडेपाचच्या आत आलेला प्रत्येक शेतकरी आदल्या दिवसात गेला. मशीनचं घड्याळ बिचारं बरोबर होतं. जो रोजच पाचला येतो त्याचं तर कुणाच्या लक्षातही येणार नव्हतं, कारण त्याची प्रत्येक सकाळ एक दिवस मागे, सरळ रांगेत. कधी पाच वीसला, कधी पाच चाळीसला येणाऱ्याच्याच दोन सकाळ एका तारखेवर आपटत होत्या.

इथपर्यंत मजा वाटत होती. मग मी विचारलं, "बिल कधी निघतं?"

"रात्री एकला. दहा संपली की, अकराच्या रात्री एकला."

आता बघा. अकरा तारखेला पहाटे पाच दहाला घातलेलं दूध आमच्या हिशोबात दहा तारखेचं. पण एक ते दहाचं बिल चार तास आधीच निघून गेलंय. आणि पुढचं बिल अकरापासून सुरू होतं, त्यात दहाची नोंद येणार नाही. म्हणजे ते दूध कुठल्याच बिलात नाही. टेबलात आहे, चिठ्ठीवर आहे, टँकरमध्ये गेलंय, फक्त पैशात नाही. दर बिलाला एक सकाळ, महिन्याला तीन. समजा दहा लिटर दूध आणि तीस रुपये भाव, तर महिन्याचे नऊशे रुपये. आणि ते कुणाचे? जे सगळ्यांत आधी उठून येतात त्यांचे.

त्याने मागितलेलं केस स्टेटमेंट मी दिलं असतं तर स्क्रीन छान दिसली असती. सेक्रेटरींचा फोन बंद झाला असता. बिल काढणारी क्वेरी वेगळी होती, तिला कुणी हात लावला नसता.

दुरुस्ती लहान होती. तारीख काढण्याआधी ॲट टाइम झोन, एशिया/कोलकाता. (एशिया/मुंबई का नाही, असं मला हमखास विचारतात. तसं नाव त्या यादीत नाही. गंमत म्हणजे मुंबईची एके काळी खरंच वेगळी वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि १९०६ साली प्रमाणवेळ आल्यावरही शहराने ती कित्येक दशकं सोडली नव्हती. पुण्याचा असा काही इतिहास मला सापडला नाही, याचं आमच्या ऑफिसात अनेकांना वाईट वाटतं.)

मोठं होतं ते पुढे. सोमवारी मीटिंग झाली. प्रोजेक्ट मॅनेजरचं म्हणणं, पुढच्या बिलापासून बरोबर येईल ना? मग जुनं कशाला उकरायचं, क्लायंटला काय सांगणार? मी काही भाषण केलं नाही. त्या मुलाने आणि मी शनिवारी बसून एक क्वेरी लिहिली होती. ज्या नोंदी कुठल्याच बिलात नाहीत त्या सगळ्या, सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि रकमेसकट. (नॉट एक्झिस्ट्स, अर्थातच.) चार केंद्रं, पाच महिने. ती यादी प्रोजेक्टरवर लावली आणि स्क्रोल करत राहिले. बराच वेळ स्क्रोल होत होती. तिसऱ्या पानाला मॅनेजर म्हणाला, बास, मी फोन करतो. पुढच्या दोन बिलांत 'मागील फरक' अशी ओळ घालून पैसे गेले. क्लायंट चिडला, पण पैसे गेले.

तेव्हापासून मला एक खोड लागलीय. कुणी 'कसं करायचं' विचारलं की मी आधी 'कशासाठी' विचारते. लोक वैतागतात. साध्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हिचं काय जातं, असं तोंडावर दिसतं. आणि दहापैकी आठ वेळा त्यांचंच बरोबर असतं, प्रश्नामागे काही नसतं, एक दिवस प्लस म्हणजे नुसता एक दिवस प्लस असतो. त्या आठ वेळा मी त्यांचा वेळ खाते, हे मला मान्य आहे.

हल्ली माझ्या खुर्चीमागे गर्दी कमी झालीय. मुलं आधी एआयला विचारतात आणि सर्दी-पडशाची उत्तरं तिथे झटपट मिळतात, बरीचशी बरोबरही. मला त्याचं दुःख नाही, नॉट इन मी पुरेसं समजावून झालंय. पण ते केस स्टेटमेंट मागितलं असतं तर तेही तिथे बहुधा पाच सेकंदांत मिळालं असतं, वर "आणखी काही मदत हवी का" असं नम्रपणे. आजोबा पाचला जातात हे तिथे कोण कशाला सांगत बसेल?

परवा, शुक्रवारीच, आणखी एक जण आली होती. "मॅम, डुप्लिकेट रो डिलीट कसे करायचे?" मी विचारलं, डुप्लिकेट आले कुठून? ती म्हणाली, बघून सांगते. अजून सांगितलेलं नाही.