वसईचा तह आणि सहावी चिठ्ठी

मुलांनो, वसई म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? गोड सुकेळी? केळीच्या वाड्या? की चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला? इतिहासाच्या पुस्तकात वसईच्या नावानं आणखी एक ओळ हमखास असते : 'वसईचा तह, १८०२'. परीक्षेपुरती पाठ करायची आणि विसरून जायची! खोटं कशाला बोलू, मीही लहानपणी तेच केलं. पण यंदा सहा मुलांनी मला तो तह पुन्हा वाचायला लावला. त्या दिवसाचीच ही गोष्ट.

आमची पापडी वसई रोड स्टेशनवरून वसई गावाकडे जाताना वाटेत लागते. मधोमध तलाव आहे. जवळच अवर लेडी ऑफ ग्रेस हे मोठं चर्च आहे. १९९८ मध्ये वसईचा वेगळा ख्रिस्ती धर्मप्रांत झाला, तेव्हापासून ते या धर्मप्रांताचं मुख्य चर्च आहे. बाजारात भाजी घ्यायला उभं राहिलं की कानावर किती तऱ्हांची मराठी पडते म्हणता! सामवेदी, वाडवळी, आगरी, कोळी... प्रत्येकाची बोली वेगळी, पण भाव करताना सगळ्यांना सगळं बरोबर कळतं!

एका संध्याकाळी माझे जुने विद्यार्थी घरी आले. चौथीपर्यंत ही मुलं माझ्या वर्गात होती, आता नववीत आहेत.

"बाई, आम्ही अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघात भाग घेतलाय. आमचा सराव घ्याल का?"

आता हा काय प्रकार, असं तुम्ही विचाराल. अभिरूप म्हणजे खऱ्यासारखं. शाळेत अभिरूप संसद भरते ना, तसंच हे. प्रत्येक मुलाला एक देश मिळतो. समोर त्या देशाच्या नावाची पाटी असते. भाषण करायचं ते त्या देशाचा प्रतिनिधी म्हणून. ठराव मांडायचा, दुरुस्त्या सुचवायच्या, मधल्या वेळात कोपऱ्यात जाऊन इतर देशांची मनं वळवायची आणि शेवटी मतदान! हा खेळ बराच जुना आहे बरं का. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला. त्याची नक्कल करून अमेरिकेतले विद्यार्थी १९२० च्या दशकातच अशा परिषदा भरवू लागले होते. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ आला आणि या परिषदांनी त्याचं रूप घेतलं. नेदरलँड्समधल्या हेग शहरात १९६८ पासून शाळकरी मुलांची अशी मोठी परिषद भरते. आता तर आपल्याकडेही अनेक शाळा-कॉलेजांत त्या होतात.

पाच जण उत्साहात होते. एक मुलगी मात्र गप्प होती. मी विचारलं तर म्हणाली, "बाई, यांना रशिया, फ्रान्स, ब्राझील असे देश मिळाले. मला मालदीव! नकाशात भिंग घेऊन शोधावा लागतो. माझं कोण ऐकणार? मी पाटी बदलून मागणार आहे."

मी तिला काहीच बोलले नाही. सगळ्यांना म्हटलं, "रविवारी सकाळी तयार राहा. सराव किल्ल्यात करू."

पापडीहून किल्ला रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांवर. पारनाका मागे पडला की थोड्याच वेळात तटबंदी दिसू लागते. आत माड, रानवेली आणि छप्पर उडालेली उंच चर्चं. नागेश्वराचं देऊळ आहे, चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. पलीकडे किल्ला बंदरची कोळी वस्ती आणि खाडीत होड्या. आम्ही एका झाडाखाली सतरंजी पसरली. शेंगदाण्याचे लाडू बाहेर निघाले. मग मी चिठ्ठ्या काढल्या.

"आज रशिया नाही आणि फ्रान्सही नाही. आज आहे ३१ डिसेंबर १८०२. आपण वसईत आहोत आणि इथं तह व्हायचाय."

मी पाच चिठ्ठ्यांवर पाच नावं लिहिली होती : दुसरे बाजीराव पेशवे, इंग्रज, होळकर, शिंदे आणि नागपूरकर भोसले. सहावी कोरी ठेवली होती. ती ज्याला मिळेल त्यानं टिपणं काढायची. आणि गंमत पाहा, कोरी चिठ्ठी नेमकी आमच्या 'मालदीव'लाच मिळाली! तिचा चेहरा आणखी उतरला.

तिकडे बाजीरावांची वेगळीच तक्रार. "बाई, मला दुसरी चिठ्ठी द्या ना. हा माणूस मला मुळीच आवडत नाही. यानंच राज्य घालवलं."

"चिठ्ठी बदलायची नाही," मी म्हटलं. "परिषदेत आपण स्वतःचं मत सांगायला बसत नाही. समोर ज्याची पाटी आहे, त्याची बाजू मांडायला बसतो. तो आवडला नाही तरी त्याची अडचण समजून घ्यावीच लागते."

मग मी त्यांना थोडी हकिकत सांगितली. १८०१ मध्ये बाजीरावानं यशवंतराव होळकरांचे भाऊ विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, यशवंतरावांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला, कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या मदतीनं समुद्रमार्गे वसईला आला. फौज मोडलेली आणि राजधानी दुसऱ्याच्या ताब्यात. मदत करायला तयार असलेले इंग्रज मात्र दाराशी उभे!

झाली परिषद सुरू. अध्यक्ष मी.

इंग्रजांनी अटी वाचल्या. अटी खऱ्या तहातल्याच होत्या. "आमच्या सहा पलटणी पेशव्यांच्या राज्यात कायम राहतील. त्यांच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख आम्हाला द्यायचा. आणि आम्हाला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी परस्पर बोलणी करायची नाहीत."

"याच्या बदल्यात मला पुणं परत मिळेल?" बाजीरावांनी विचारलं.

"मिळेल."

"थांबा!" होळकर उसळले. "आधी माझ्या भावाबद्दल बोला. तुम्ही चूक कबूल करा, मग इंग्रजांची गरजच पडणार नाही."

बाजीराव चूक कबूल करीनात. शिंदे म्हणाले, "पेशवे आमचेही आहेत. आम्हाला न विचारता सही कशी करता?" भोसल्यांनी त्यांना अनुमोदन दिलं. असा गलका झाला की झाडावरचे कावळे उडाले! तेवढ्यात बारीक आवाज आला.

"अध्यक्ष महोदया, हरकतीचा मुद्दा."

सहावी चिठ्ठी!

"टिपणं काढणाऱ्यानं बोलायचं नसतं," इंग्रज म्हणाले. मी म्हटलं, "बोलू दे."

ती उभी राहिली. "ते २६ लाख रुपये कोण देणार?"

"पेशवे देणार."

"पेशवे कुठून आणणार?"

"त्या मुलखाच्या साऱ्यातून."

"आणि सारा कोण भरणार?"

कोणीच बोलेना. शेवटी बाजीरावच हळूच म्हणाले, "शेतकरी."

"मग त्यांना कोणी विचारलंय का? त्यांचा माणूस इथं कुठं बसलाय?"

खाली बसून तिनं कोऱ्या चिठ्ठीवर पेननं 'रयत' असं लिहिलं आणि ती पाटीसारखी समोर उभी केली.

त्यानंतर परिषदेचा रंगच पालटला. भोसल्यांनी दुरुस्ती सुचवली, "मुलूख देण्याआधी तिथल्या गावच्या पाटलांना बोलावून विचारा." होळकर आणि शिंदे दोघांनी ती उचलून धरली. इंग्रज मात्र हटून बसले. ऊन वर आलं, लाडू संपले आणि आमचा तह काही झाला नाही!

मुलं हिरमुसली. मी म्हटलं, "अरे, खऱ्या वसईत होळकर, शिंदे, भोसले यांच्यापैकी कोणी नव्हतंच. सही दोघांचीच झाली. इंग्रजांनी मे १८०३ मध्ये बाजीरावाला पुण्याच्या गादीवर बसवलं आणि ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. आधी शिंदे आणि भोसले हरले, मग होळकरांवर पाळी आली. १८१८ मध्ये पेशवाईच संपली. तुम्ही निदान सगळ्यांना एका सतरंजीवर तरी बसवलंत!"

वसईनं असे आणखी करार पाहिले आहेत. २३ डिसेंबर १५३४ रोजी इथल्याच समुद्रात एका पोर्तुगीज जहाजावर करार झाला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या स्वारीच्या धाकात होता. त्यानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटंही! बेटांवरच्या कोळ्यांना कोण विचारतो? पुढे मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्या तहात मात्र एक गोष्ट वेगळी होती. पोर्तुगीज शिपायांना शस्त्रांसह मानानं जाऊ दिलं, आणि जे ख्रिस्ती लोक मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मुभा दिली. म्हणजे जे सही करायला बसले नव्हते, त्यांचाही विचार कागदावर आला होता. सगळे तह एकाच मापानं मोजायचे नसतात, ते असं!

परतताना रिक्षात मी मालदीवचा विषय काढला. "देशाची सरासरी उंची समुद्रापासून जेमतेम दीड मीटर. १९८७ मध्ये त्यांचे अध्यक्ष गयूम संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभे राहिले आणि समुद्राची पातळी वाढली तर आमच्या देशाचं काय होईल, हे त्यांनी जगाला सांगितलं. १९९० मध्ये अशा छोट्या बेटांच्या देशांनी आपली एक आघाडी केली. सुरक्षा परिषदेत पाच बड्या देशांना नकाराधिकार आहे, हे खरं. पण आमसभेत १९३ देश आहेत आणि प्रत्येकाला एकच मत. भारताला एक, मालदीवलाही एक."

ती काही बोलली नाही. पापडीच्या तलावापाशी आम्ही उतरलो. सगळे आपापल्या घराकडे वळले. ती दोन पावलं पुढे जाऊन परत आली.

"बाई, पाटी बदलून नाही मागत आता. पण भाषण इंग्रजीत करायचंय, त्याची भीती वाटते."

"आधी मराठीत लिही," मी म्हटलं. "काय सांगायचंय ते पक्कं झालं की इंग्रजी आपण दोघी मिळून करू. आणि हे ऐक, खऱ्या संयुक्त राष्ट्रांत कामकाजाच्या भाषा सहा आहेत. पण दुभाष्याची सोय आपण केली, तर तिथं आपल्या भाषेतही बोलता येतं!"

ती हसली. दुसऱ्या दिवशी दोन पानं भरून मराठी भाषण हजर! पहिलंच वाक्य प्रश्नाचं होतं : 'पाणी वाढलं तर आम्ही कुठं जायचं, हे ठरवताना आम्हाला बोलावणार का?'

बालमित्रांनो, असा खेळ तुम्हीही खेळून पाहा. त्याला किल्लाच हवा असं नाही. तुमच्या सोसायटीचं मैदान मोठ्यांनी वापरायचं की छोट्यांनी, गावच्या तळ्यावर म्हशी धुवायच्या की नाही, असा कोणताही विषय घ्या. चिठ्ठ्या टाका, न आवडणारी बाजूही मनापासून मांडा. फक्त एक कोरी चिठ्ठी ठेवायला विसरू नका. आणि ती ज्याला मिळेल, त्याला बोलू द्या!