शृंगार आणि आयब्रो

‘थ्रेडिंग’ला मराठी प्रतिशब्द काय, असे कोणी पूर्वी विचारले असते तर ‘भुवया कोरणे’ असे सांगून आम्ही मोकळे झालो असतो. आणि असा नेटका प्रयोग हाताशी असताना बायका ‘आयब्रो करून येते’ असे का म्हणतात, याबद्दल वर थोडी हळहळही व्यक्त केली असती. ती हळहळ गेल्या वर्षी ओसरली.

आमच्या मावशीचे यजमान जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मावशी बाहत्तर वर्षांची, महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेली. महिन्यातून एकदा कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये जाण्याचा तिचा अनेक वर्षांचा रिवाज काका गेल्यापासून बंद पडला होता. कोणी मनाई केली नव्हती. घर सुशिक्षित, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांतले काहीही घडले नव्हते. तरी एका दुपारी तिने आवाज खाली आणून विचारले, “आयब्रो केल्या तर बरं दिसेल का गं?”

कोणाला, हे तिने सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती.

तिच्या लहानपणी घरात एक आत्याआजी होती. लाल आलवण, बोडके डोके, आणि ठरल्या दिवशी मागील दारी येणारा न्हावी. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ शिकवताना यमूच्या सक्तीच्या केशवपनाचा भाग मावशी वर्गात मोठ्याने वाचत नसे. घरी वाचून या म्हणे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय तीत झाला, हे मात्र ती आवर्जून सांगे. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, यावर तिचा भर असे.

आम्ही तिला घेऊन गेलो. पार्लरमधल्या मुलीने “घरी काही फंक्शन आहे का, मावशी?” असे विचारले. मावशी म्हणाली, “नाही गं. सहजच.” मुलीने भुवयांवर पावडर लावली, दोऱ्याचे एक टोक दातांत धरले, बोटांवर पीळ घेतला आणि म्हणाली, “वरून-खालून ताणून धरा.” थ्रेडिंगमध्ये गिऱ्हाइकाला स्वतःची कातडी स्वतःच ताणून धरावी लागते. दोरा करकरू लागला तसे मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मुलगी क्षणभर थांबली. “येतंच पाणी. सगळ्यांना येतं,” म्हणाली, आणि पुन्हा दोरा दातांत धरला. आठ महिन्यांत आम्ही मावशीला रडताना पाहिले नव्हते. तेव्हाही पाहिले की नाही, हे सांगता येणार नाही.

आपल्या काव्यशास्त्रात शृंगाराचा स्थायीभाव रती. त्याला आलंबन लागते, म्हणजे दुसरे कोणी लागते. व्यवहारात उरलेले शब्दही तसेच: सौभाग्यलेणे, अहेवपण. नटण्याच्या प्रत्येक शब्दात पाहणारा आधीच बसलेला. तो गेला की शब्दही जातो. हेरवाडच्या ग्रामपंचायतीला २०२२ साली विधवा प्रथांविरुद्ध ठराव करावा लागला, तो या शब्दांचा अंमल संपलेला नाही म्हणूनच. ‘आयब्रो’, ‘क्लीनअप’, ‘फेशियल’ या शब्दांना मात्र आपल्याकडे ना माहेर ना सासर. ते ओबडधोबड आहेत. पण कुमारिका, सवाशीण, विधवा असा भेद त्यांना ठाऊक नाही.

म्हणून पार्लर म्हणजे मुक्तीचे देऊळ, असे आम्ही म्हणणार नाही. तिथेही पाहणारा असतोच. तो फक्त घरचा नसतो. काम संपताच त्या मुलीने ‘ब्लीच करू का, रंग उजळेल’ म्हणून विचारलेच. त्या ब्लीचने लव फिकी होते, कातडीचा मूळ रंग बदलत नाही. पण ‘उजळणे’ या क्रियापदाने आपल्याकडे किती मुलींना आयुष्यभर ताणून धरले आहे!

मावशी आरशात पाहत होती. म्हणाली, “रंग राहू दे. पुढच्या महिन्याची वेळ लिहून ठेव.”

‘भुवया कोरणे’ हा प्रयोग आम्हांला अजूनही सुंदर वाटतो. मावशीसमोर मात्र आम्ही तो वापरत नाही.