लागली, तर सांगायचं

या रमजान ईदला आमच्या धाकट्याने ईदी मोजली आणि जोहरनंतर बारामतीहून बंदूक घेऊन आला. प्लास्टिकचे पिवळे छर्रे मारणारी, काळी, हुबेहूब पिस्तुलासारखी. मगरिबपर्यंत माझ्या पुतण्याच्या डोळ्याखाली लाल टिपका उठला होता. अर्धा इंच वर लागला असता तर? शिरखुर्म्याच्या वाट्या तशाच राहिल्या.

छर्रा कुणी मारला, ते कुणीच सांगेना. पाच पोरं, पाचही गप्प. मी बंदूक कपाटात रजयांच्या मागे टाकली.

चार दिवसांनी धाकटा म्हणाला, "अम्मी, ये सच्ची का खेल है. एअरसॉफ्ट बोलते इसकू." वीस वर्षं शाळेत शिकवते आहे, पोराने नवा शब्द आणला की तपासल्याशिवाय राहवत नाही. खेळ खराच आहे. जपानात सामान्य माणसाला खरी बंदूक ठेवणं फार अवघड, त्यामुळे १९७०च्या दशकात तिथे ही नक्कल निघाली. गोळी ६ मिलिमीटरची, वजन साधारण ०.२ ग्रॅम. मैदानावरच्या चांगल्या बंदुकीतून ती सेकंदाला १०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. आमच्या ईदच्या बंदुकीला एवढा जोर नाही, पण डोळ्याला तेवढाही पुष्कळ.

मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. पेंटबॉलमध्ये कपड्यावर रंग उडतो. एअरसॉफ्टमध्ये काहीच डाग पडत नाही. ज्याला गोळी लागली त्याने स्वतः हात वर करून 'लागली' म्हणायचं आणि बाहेर व्हायचं. सगळा खेळ इमानावर. ईदच्या संध्याकाळचे ते पाच गप्प चेहरे मला आठवले.

धाकट्याकडे आणखी एक हुकमी पत्ता होता: स्वप्नील कुसाळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, वडील शिक्षक, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक. मी म्हटलं, ते वेगळं. तिथे नेम कागदावर धरतात, माणसावर नाही. एअर रायफलच्या १० मीटरच्या निशाण्यात मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा! तो शिकायचा तर पुण्याला बालेवाडी गाठावी लागेल. "पहले खडा रहना सीख," एवढंच बोलले.

मग बंदूक कपाटातून निघाली, माझ्या अटींवर. आधी चष्मे. ग्राइंडरवर काम करणारे घालतात तसे, बाजूने बंद, पॉलिकार्बोनेटचे. खुंटीला टांगून पहिले दहा छर्रे त्या चष्म्यांवरच मारून पाहिले; तडा गेला नाही. खेळ संपल्याची शिट्टी होईपर्यंत चष्मा उतरायचा नाही. खेळाबाहेर नळी जमिनीकडे, बोट घोड्यापासून लांब. गंमत म्हणूनही कुणावर रोखायची नाही. हे तर आमच्या सासूबाई बंदूक न बघताही सांगत आल्या आहेत. पहिला महिना फक्त पुठ्ठ्यावर नेम, मागे जुनं चवाळं टांगून, म्हणजे छर्रे मातीत जात नाहीत.

आणखी एक अट घातली, ती सांगताना जीभ जड झाली. बंदूक हातात घेतलेला फोटो स्टेटसला ठेवायचा नाही, रस्त्याने ती पिशवीतूनच न्यायची. "क्यूं? सबके बच्चे डालते ना," तो म्हणाला. तेरा वर्षांच्या मुलाला, त्याचं नाव वाचून लोक त्या फोटोत काय बघतील, हे कसं सांगायचं? मी म्हटलं, दुरून खरी वाटते, कुणी घाबरेल. खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. त्याच्या अब्बांनी माझ्याकडे पाहिलं आणि नळीच्या टोकाला नारिंगी रंग फासून दिला.

गेल्या रविवारी दिराच्या रानात गेलो. ऊस कारखान्याला गेलाय, रान मोकळं. मालकाची परवानगी घरातलीच, तरी शेजारच्या बांधावर सांगून आलो. पुतण्याने मित्राकडून दुसरी बंदूक आणलेली. मी चिंचेखाली शिट्टी घेऊन बसले. धाकटा पाटाच्या आड वाकला होता. मला काही ऐकू आलं नाही, दिसलंही नाही. तोच एकदम उभा राहिला, हात वर.

"अम्मी, लगी मेरेकू!"

पुतण्याला पत्ताच नव्हता. तो अजून दुसरीकडेच नेम धरून बसला होता.