ओंदु, एरडु, मूरु

आमच्या घरामागे दोन गुंठे मोकळी जागा आहे. घर बांधताना अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती मुद्दाम सोडली. पुढेमागे नातवाला दोन खोल्या वाढवायच्या झाल्या तर असू दे, एवढाच हेतू. उन्हाळ्यात तिथं नुसती लाल माती असते. पण बेळगावचा पाऊस बेळगावकरांना काय सांगायचा! मृग लागतो, आर्द्रा निघते आणि जुलै संपेपर्यंत तिथं कमरेएवढं गवत उभं राहतं.

२०२४ च्या पावसाळ्यात ते कमरेच्याही वर गेलं, कारण कापणारं कोणी नव्हतं. एरवी ते काम अप्पांचं. उद्यमबागेत एकतीस वर्षं टर्नर म्हणून राबलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःसाठी एकच चैन केली, ती म्हणजे पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन. खांद्याला पट्टा, हातात लांब दांडा, टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी. डोळ्यांना चष्मा आणि पायात गमबूट घालून ते निघाले की अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, हसून म्हणायच्या, निघाले बघ लढाईला.

२०२३ च्या दिवाळीनंतर अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय काही महिन्यांत काठीच्या आधारानं चालू लागला, हात मात्र मांडीवरच राहिला. आणि वाचा गेली. म्हणजे आवाज होता, समजत सगळं होतं, पण शब्द सापडत नव्हते. पाणी हवं असलं तरी ‘अदु’, टीव्ही लावायचा असला तरी ‘अदु’. कन्नड घरात ‘ते’ एवढ्या एका शब्दावर माणसानं किती दिवस काढावेत?

आम्ही सगळ्यांनी त्यांना बोलतं करायचा चंग बांधला. मी खानापूर तालुक्यातली, माहेर अस्सल मराठी. लग्नानंतर कन्नड शिकले ती याच माणसाकडून. त्यामुळे मी दोन्ही भाषांतून प्रयत्न करायची. चमचा दाखवून विचारायचं, हे काय अप्पा? घड्याळ दाखवून विचारायचं, इदु एनु? मुलगा शाळेतून आला की तोही तोंडी परीक्षा घ्यायचा. अप्पा आधी प्रयत्न करायचे, मग रागवायचे, मग भिंतीकडे तोंड करून पडायचे. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘‘सारखं विचारू नका. एक गोष्ट बोला आणि थांबा. त्यांना वेळ द्या.’’ मी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा चमचा दाखवला. मास्तरकीची सवय, दुसरं काय!

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या मुलानं आमच्या कुंपणाशी घोणस पाहिली. आता गवत काढणं भागच होतं. पण तालुक्यात भाताच्या लावणीचा हंगाम, विळा घेऊन येणारा गडी मिळेना. त्यात ९ ऑगस्टला नागपंचमी. पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, माती खणायची नाही, हा नियम अत्तींच्या घरीही तोच आणि माझ्या माहेरीही तोच. तेव्हा त्याच्या आत मशीन सुरू व्हायला हवं होतं.

४ ऑगस्टचा रविवार. यजमान हुबळीला नोकरीला, शनिवारी येतात आणि रविवारी परततात. त्यांनी सकाळी मशीन बाहेर काढलं, टाकीत गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल होतंच, आणि स्टार्टरची दोरी ओढायला सुरुवात केली. दहा वेळा, वीस वेळा, चाळीस वेळा. घामानं निथळले, खांदा धरून बसले आणि ‘‘मेकॅनिकला दे,’’ असं सांगून दुपारच्या गाडीनं गेले. गॅरेजवाल्यानं फोनवर सांगितलं, सीझन आहे, आठ दिवस लागतील. म्हणजे पंचमी गेली.

त्या दिवशी अवस होती. आमच्या माहेरची दिव्यांची अवस, अत्तींची भीमन अमावास्ये. अत्ती परसदारी पितळेचे दिवे घासायला बसल्या होत्या. मी मशीन तिथंच ओढून आणलं आणि अर्थशास्त्रातली एम. ए. पदवी बाजूला ठेवून दोरी ओढू लागले. अप्पा खुर्चीत बसून बघत होते. इतक्यात ऐकू आलं:

‘‘ओंदु.’’

मी वळून पाहिलं. अप्पा माझ्याकडे नाही, मशीनकडे बघत होते. मी पुन्हा ओढली.

‘‘एरडु.’’

पुन्हा.

‘‘मूरु. ब्याड!’’

आणि डावा हात उभा केला. थांब! अत्तींच्या हातातली चिंच तशीच राहिली. नंतर त्या उपचारवाल्या बाईंनी समजावलं की, आकडे, वार, आरत्या असं जे आयुष्यभर ओळीनं म्हटलेलं असतं, ते अशा आजारात बऱ्याचदा शाबूत राहतं. नवं वाक्य जुळवायला जड जातं. पण त्या क्षणी मला एवढंच कळलं की, अप्पा मला काही सांगत आहेत आणि ते मला समजत नाही. मी ‘हे काय’ विचारलं नाही. पहिल्यांदाच नुसती थांबले.

त्यांनी बोटानं चोकचा खटका दाखवला. तो बंदच होता. तेव्हा प्रकाश पडला. अप्पा नातवाला सांगायचे ते मी स्वयंपाकघरातून कितीदा ऐकलं होतं. इंजिन गार असताना चोक बंद करायचा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. दोन-तीन वेळा ओढून इंजिन खोकलं की चोक उघडायचा. तसाच बंद ठेवून ओढत राहिलं तर आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतो, आणि भिजल्या प्लगवर ठिणगी पडत नाही. म्हणजे यजमानांनी चाळीस वेळा दोरी ओढली, ती मशीन सुरू करण्यासाठी नव्हे, बुडवण्यासाठी!

अप्पांची पेटी आणली. प्लगचा पाना लावून प्लग काढला. ओलाचिंब आणि काळा. अप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो बघितला नाही, नाकाशी धरला. कपाळाला आठ्या पडल्या. बराच वेळ ओठ हलत राहिले. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. अत्ती काही बोलायला गेल्या, त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

‘‘हळेदु,’’ अप्पा म्हणाले.

जुनं! पेट्रोल जुनं! नऊ महिन्यांत ‘अदु’च्या जागी नेमका बसलेला असा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं. रंग चहासारखा, वास व्हार्निशचा. आपल्या जिल्ह्याला याचं थोडं जास्त कळायला हवं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात ६ फेब्रुवारी २०२३ रोजी आपल्या राज्याच्या राजधानीतूनच झाली. इथेनॉल ऊस आणि मळीपासूनही येतं, आणि साखर कारखान्यांची बेळगाव जिल्ह्याला काय वाण! पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल टिकतच नाही, म्हणून फरक कळत नाही. वर्षातून दोन महिने चालणाऱ्या मशीनच्या टाकीत तेच पेट्रोल पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहिलं की नासतं. शिवाय जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल सोसत नाही.

इंजिनला तीनच गोष्टी लागतात, असं अप्पा म्हणायचे. पेट्रोल, ठिणगी आणि हवा. तेव्हा त्याच क्रमानं जायचं ठरवलं. ताजं पेट्रोल आणलं. हे टू-स्ट्रोक इंजिन, त्यात पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं, नाहीतर पिस्टन जाम होतो. प्रमाण प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. आमच्या टाकीवर अप्पांनीच कधीतरी पांढऱ्या रंगानं लिहून ठेवलं होतं: १ लीटर, ४० मिली. त्या अक्षराकडे ते बराच वेळ बघत राहिले. त्याच हाताचं अक्षर होतं ते.

मग ठिणगी. प्लग पुसला, बारीक पॉलिश पेपरनं टोक घासलं. शेजारी अत्तींचे दिवे चकचकीत होत होते, इकडे माझा प्लग. अप्पांनी पेटीतून फीलर गेजची जुडी काढायला लावली आणि डाव्या अंगठ्यानं एकेक पाती सरकवून एकीवर थांबले. सहा दशांश मिलिमीटर. डोळ्यांनी नाही, बोटानं ओळखली. मग पेट्रोलचा डबा पार अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवला, प्लगला टोपी चढवली, त्याचं धातूचं अंग इंजिनच्या पात्यांना टेकवलं आणि दोरी ओढली. चट्! निळी ठिणगी. अप्पांनी मान हलवली.

प्लग परत बसवताना मी पाना फिरवत होते. अप्पा पुढे वाकून एक शब्द म्हणाले. तो कन्नडमधला ‘गट्टि’ होता की मराठीतला ‘घट्ट’, हे मला आजही सांगता येत नाही. शेवटचं अक्षर ओठांतच राहिलं. उद्यमबागेत त्यांचे निम्मे सोबती मराठी होते. हत्यारांची भाषा त्यांनी दोन्हीकडून उचललेली. तो शब्द कुठल्या कप्प्यातून आला हे विचारून मला काय करायचं होतं? मी पाना आणखी थोडा फिरवला.

हवेच्या फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन सुकवला. चोक बंद. ओंदु, एरडु, आणि खर्रर! इंजिन बोललं. मी चोक उघडला. पाच सेकंद चाललं आणि विझलं. पुन्हा तेच. मला वाटलं कार्बोरेटर. स्क्रू-ड्रायव्हर उचलला, तर अप्पांचा जोरात आवाज आला, ‘‘ब्याड!’’ त्यांनी टाकीकडे बोट दाखवलं. मी टाकीखालचा पारदर्शक रबरी फुगा दाबून पाहिला. पेट्रोलऐवजी त्यात बुडबुडेच बुडबुडे. म्हणजे कुठून तरी हवा ओढली जात होती. तारेच्या आकड्यानं टाकीतली नळी बाहेर काढली. टोकाचा फिल्टर चिकट घाणीनं माखलेला आणि नळी मानेपाशी तडकलेली. सुरू होण्यापुरतं पेट्रोल फुग्यानं ढकललं जात होतं, चालण्यापुरतं ओढलं जात नव्हतं.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर तुटकी नळी पर्समध्ये घालून शहापुरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. नळी आणि फिल्टर मिळून दोनशे रुपयांच्या आत काम झालं. मंगळवारी संध्याकाळी पाऊस उघडल्यावर नळी बसवली. अप्पांची खुर्ची पुन्हा परसदारी.

‘‘ओंदु. एरडु. मूरु.’’

मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. अप्पा काहीतरी म्हणाले, पण त्या आवाजात ऐकू आलं नाही. बंद करून विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. अत्तींनी नंतर सांगितलं, ‘आतु’ म्हणाले. झालं.

बुधवार-गुरुवार मिळून मी गवत काढलं, चष्मा आणि गमबूट घालून. आधी काठी आपटत सगळीकडून फिरून आले, जे कोणी आत असेल त्यानं निघून जावं म्हणून. दोरीखाली खडा आला तर गोळीसारखा उडतो, हेही पोटरीवर एक खाऊन शिकले. शुक्रवारी पंचमीला अत्तींनी कुंपणाशी दूध ठेवलं आणि घरात शेंगांच्या उंड्या वाटल्या.

हे वाचून कोणाला वाटेल की त्या दिवसापासून अप्पा घडाघडा बोलू लागले. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी चहा मागताना पुन्हा ‘अदु’च होतं. उजवा हात आजही मांडीवर असतो. फरक पडला तो आमच्यात. चमचे आणि घड्याळं दाखवणं बंद झालं. मी भाजी निवडायला त्यांच्याजवळ बसते, एखादी गोष्ट सांगते आणि थांबते. कधी शब्द येतो, कधी येत नाही. कधी कन्नड येतो, कधी मराठी, कधी दोन्हींच्या मधला. वर्षभर आम्ही चोक बंद ठेवून दोरी ओढत होतो, आणि सुरू होत नाही म्हणून आणखी जोरानं ओढत होतो. प्रेमच होतं ते, पण बुडवणारं.

मशीनच्या बाबतीत मात्र मी आता शिस्तीची झाले आहे. पावसाळा संपला की टाकी रिकामी करते, मशीन सुरू करून आतलं उरलंसुरलं पेट्रोल संपेपर्यंत चालवते आणि मगच माळ्यावर ठेवते. पेट्रोलच्या डब्यावर तारीख लिहिते.

२०२५ च्या जूनमध्ये पहिलं गवत उगवल्यावर ते खाली काढलं. अप्पा न सांगता खुर्चीत येऊन बसले. ताजं पेट्रोल, मोजून ऑईल, चोक बंद. मी दोरीला हात घातला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

‘‘सावकाश,’’ अप्पा म्हणाले.

हा शब्द तर आपल्या दोन्ही भाषांचा.