हलतीं चित्रें कोणासाठीं?

चित्र म्हटलें कीं तें मुलांचें, ही समजूत आमच्या सुशिक्षित घरांत इतकी मुरली आहे कीं तिच्याविषयीं कोणी प्रश्नच विचारीत नाहीं. कादंबरी मोठ्यांची, नाटक मोठ्यांचें, शास्त्रीय गायन तर फारच मोठ्यांचें; पण कागदावरचें चित्र हलूं लागलें कीं तें एकदम पाळण्याच्या वयाचें होतें. आमच्या मुलुंडच्या घरांत तीन पिढ्यांचीं अकरा माणसें एकत्र नांदतात. दूरचित्रवाणीवर चित्रपट लागला कीं तो कोणाच्या देखत पाहण्याजोगा आहे याची तेथें आधीं चौकशी होते. 'कार्टून' असेल तर मात्र मुलांना त्यापुढें बसवून सर्व मंडळी निर्धास्तपणें आपापल्या कामास लागतात.

या समजुतीची झळ यंदा घरासच लागली. धाकट्या बंधूंचा मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन एका मोठ्या कंपनींत चांगल्या पगारावर आहे. वय २५. लहानपणापासून त्यास चित्रें काढण्याचा नाद, आणि अलीकडे इलेक्ट्रिक गिटारीचाही. त्यानें एके रात्रीं जेवतांना सांगितलें कीं, ही नोकरी सोडून अंधेरीच्या एका स्टुडिओंत निम्म्या पगारावर चित्रें हलविण्याचें काम पत्करावयाचें आहे. "मुलांचीं कार्टुनें काढून कोणी संसार केला आहे काय?" हा बंधूंचा सवाल. मुलाची समजूत घालण्याचें काम वडीलकीच्या नात्यानें अर्थातच मजकडे आलें.

मुलगा म्हणाला, "अण्णाकाका, मी वाद घालीत नाहीं. तुम्ही माझ्याबरोबर तीन चित्रपट पाहा आणि मग काय सांगायचें तें सांगा." हें बोलणें मला आवडलें. पूर्वपक्ष ऐकल्यावांचून सिद्धान्त मांडूं नये, हें आम्हांस संस्कृतच्या पाठांबरोबरच शिकविलें गेलें होतें.

पहिला चित्रपट अमेरिकेचा, 'अमेरिकन पॉप', १९८१ सालचा. दिग्दर्शक राल्फ बाक्षी. तो रॉक संगीताचा आणि केवळ प्रौढांसाठीं. सात वर्षांची नात 'कार्टून, कार्टून' म्हणत दारांत आली, तिला बाहेर न्यावें लागलें. झारच्या रशियांतील यहुदी धर्मगुरु दंगलींत मारला जातो. त्याचा लहान मुलगा आईबरोबर न्यूयॉर्क गांठतो, नाटकगृहांत गाऊं लागतो आणि पहिल्या महायुद्धांत गळ्यास जखम होऊन आवाज गमावतो. त्याचा मुलगा पियानो वाजवितो. दुसऱ्या महायुद्धांत एका पडक्या घरांत वाजवीत असतांना जर्मन सैनिक तें वाजविणें ऐकून घेतो, आभार मानतो आणि गोळी घालतो. नातू गाणीं लिहितो व व्यसनांत बुडतो. पणतू तींच विषें विकतां विकतां शेवटीं रॉकचा गायक म्हणून रंगमंचावर उभा राहतो. चार पिढ्यांत एकाही बापानें मुलास समोर बसवून गाणें शिकविल्याचें दिसत नाहीं. आमच्याकडे गाणें गुरूच्या घरीं पाणी भरून मिळतें. येथें तें रक्तांतून वाहत गेलें आहे, आणि वाहतांना पुष्कळ घाणही बरोबर घेऊन गेलें आहे. तें संगीत माझ्या कानांस मानवलें नाहीं. शेवटच्या मुलाचें यशही मला फार स्वस्त वाटलें. शिवाय नटांचें छायाचित्रण करून त्यावरून रेषा गिरविण्याची जी पद्धत यांत वापरली आहे, तिनें चेहरे कांहींसे ताठर झाले आहेत. पण तो पियानोचा प्रसंग अजून डोळ्यांपुढून हलत नाहीं.

दुसरे दोन आपल्याच मुंबईचे, आणि दोन्ही गीतांजली राव यांचे. या बाई जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थिनी. 'प्रिंटेड रेनबो' अवघा पंधरा मिनिटांचा. त्यांनीं एकटीनें हातानें रंगविलेला. २००६ सालीं फ्रान्समधील कान येथें त्यास समीक्षक-सप्ताहांत पारितोषिकें मिळालीं. एक एकटी म्हातारी, तिची मांजर, आणि शहरांतील एक राखी रंगाची खोली. तिच्यापाशीं काडेपेट्यांचा संग्रह आहे. एकेक काडेपेटी हातीं घ्यावी आणि तिच्यावरील छापाच्या रंगीत जगांत शिरून यावें, एवढाच तिचा विरंगुळा. आम्ही मुलेंही असे छाप रस्त्यावरून वेंचून वहींत चिकटवीत असूं. वाघाच्या एका छापासाठीं मीं दोन भोंवरे दिल्याचें स्मरतें. ती वही कोठें गेली कोण जाणे. चित्रपट संपल्यावर मी थोडा वेळ कांहीं बोललों नाहीं. साठी उलटल्यावर घरांत दहा माणसें असूनही दुपारची एक वेळ अशी येते कीं त्या खोलीचा राखी रंग ओळखीचा वाटतो.

तिसरा 'बॉम्बे रोझ', सुमारे दीड तासाचा. २०१९ सालीं व्हेनिसच्या समीक्षक-सप्ताहाचा आरंभ त्यानें झाला. यांत रॉक नाहीं. जुन्या हिंदी गाण्यांची हवा आहे आणि एक स्पॅनिश गाणेंही आहे. बालविवाहांतून पळून आलेली कमला दिवसा गजरे गुंफून विकते आणि रात्रीं बारमध्यें नाचते. काश्मीरमध्यें आईबाप गमावलेला सलीम सिग्नलपाशीं फुलें विकतो. कमलेच्या धाकट्या बहिणीस इंग्रजी शिकविणारी शर्ली डिसूझा नांवाची एक वृद्ध बाई आहे, कधींकाळची चित्रपटांतील नर्तिका. ती रस्त्यानें चालूं लागली कीं भोंवतालची मुंबई कृष्णधवल होऊन १९५० च्या सुमाराची होते. ट्रॅम, मोटारी, टोप्या, सारें परत येतें. छायाचित्राच्या पडद्यावर त्यासाठीं केवढा खटाटोप करावा लागला असता! कुंचल्यास तेथें जावयास भाडें पडत नाहीं. त्या बाईचें शिकविणें पाहतांना मला आमच्याच पेशांतील कोणी भेटल्यासारखें वाटलें.

आतां बारमध्यें नाचण्याचा प्रसंग. तो मीं पुतण्याच्या शेजारीं बसून पाहिला, आणि मान खालीं घालावी लागली नाहीं. तोच प्रसंग छायाचित्रांत घेतला असता तर तेथें कोणी तरी खरी स्त्री उभी राहिली असती, आणि पाहणाऱ्याची नजर कथेवरून ढळून तिच्या अंगावर गेली असती. चित्रांत तशी कोणी उघडी पडत नाहीं. रेषा आहे, रंग आहे, आणि त्या मुलीची लाचारी आहे. मन तिच्यापाशींच थांबतें. पियानो वाजविणाऱ्याच्या मरणाचेंही तेंच. कांहीं दुःखें मोठ्या माणसांनीं पाहावींत अशीं असतात, पण तीं पाहण्यासाठीं मध्यें एक पातळ पडदा लागतो. चित्र तो पडदा देतें.

आणि हें कांहीं नवें नाहीं. कुडाळजवळील पिंगुळी गांवचे ठाकर चित्रकथी सुट्या कागदांवर रामायण-महाभारताचे प्रसंग रंगवीत. एका आख्यानाच्या चित्रांची एक पोथी. एकेक चित्र पुढें धरावें आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीनें त्यावर गावें, असा तो खेळ. सावंतवाडी संस्थानाचा त्यास आश्रय होता. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. सीताहरण आणि अग्निदिव्य यांस कोणी बालवाङ्मय म्हणणार आहे काय? पुढें फिल्म्स डिव्हिजननें कुटुंबनियोजनावर हलतीं चित्रें काढलीं. चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधीं तीं लागत. तो विषय बाळांविषयीं होता, बाळांसाठीं खचित नव्हता.

मुलास मीं एवढेंच सांगितलें कीं, पगार निम्मा आहे हें विसरूं नकोस, आणि या बाईंस त्या छोट्या चित्रपटापासून या मोठ्या चित्रपटापर्यंत पोंचण्यास १३ वर्षें लागलीं हेंही विसरूं नकोस. तो म्हणाला, "माहीत आहे." त्यास अडवूं नये असें माझें मत मीं बंधूंस कळविलें.

बंधू आयुष्यभर बँकेंत आकडे मांडीत आले. म्हणून त्यांच्यापुढें आकडेच ठेवले. पडद्यावर सेकंदास २४ चौकटी, म्हणजे मिनिटास १,४४०. दीड तासास १,२९,६००. एक चित्र दोन चौकटींस पुरविलें तरी ६४,८०० चित्रें. ते कांहीं वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "इतकें काम आणि निम्मा पगार?" याचें उत्तर मजपाशीं नव्हतें.

घरांत एक व्यवस्था मात्र मीं लावून दिली. पडद्याच्या कोपऱ्यांत प्रेक्षकाच्या वयाची जी खूण येते ती वाचल्याखेरीज मुलांपुढें कांहीं लावावयाचें नाहीं. मग तीं हलतीं चित्रें ससा-कासवाचीं कां असेनात. सूनबाईंस ही कटकट वाटते, पण त्या पाळतात.

मुलाच्या राजीनाम्याची मुदत महिनाअखेर संपते. बंधूंनीं अद्याप होकार दिलेला नाहीं. परवां रात्रीं मात्र त्यांनीं मला गॅलरींत गांठून विचारलें, "अण्णा, ती काडेपेट्यांची म्हातारी किती मिनिटांची म्हणालात?"

"पंधरा."

"मग रविवारीं दुपारीं लाव म्हणावें त्याला. वहिनींनाही बोलवा."