सातवी डोलकाठी

आकुर्डीहून संध्याकाळी पुण्याकडे निघालेल्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते, कारण गर्दी सगळी उलट दिशेची, घरी परतणारी. चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी. दिवसभर कारखान्यात मिरवलेला अधिकार एकेका स्टेशनावर सांडत जातो आणि शिवाजीनगरच्या फलाटावर उतरते ती नुसती एक विद्यार्थिनी. हाताला कूलंटचा वास मात्र तसाच असतो. सकाळी ज्यांनी ‘मॅडम, जरा बघता का’ म्हणून हाक मारली, त्यांना ठाऊकही नसतं की मॅडम आता हजेरीला ‘प्रेझेंट सर’ म्हणणार आहेत. मला ते आवडायचं. चाळिशीच्या उंबरठ्यावर कुणीतरी आपल्याला पुन्हा बाकावर बसवतं, यात एक चोरटं सुख आहे.

टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटची अर्धवेळ पदव्युत्तर पदवी. ती घेणाऱ्यांचे हेतू सरळ असतात आणि ते लपवायचं कारण नाही. सीनिअर इंजिनिअरच्या पुढची पायरी हवी असते, गृहकर्जाचा हप्ता असतो, आपल्यानंतर लागलेला पोरगा एमबीए करून आपला साहेब झालेला असतो. आमच्या वर्गात दारूगोळा कारखान्यातले एक गृहस्थ होते, बँकेच्या आयटी विभागातली एक मुलगी होती, औषध कंपनीतला एक सदा जांभया देणारा होता. मधल्या सुट्टीत डबे उघडायचे आणि गार पोळीभाजीवर सगळ्या उद्योगांची सरमिसळ व्हायची. या शहराला रात्री शिकणारी माणसं नवी नाहीत. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती इथेच. आमची फी ऐकून ते दोघे काय म्हणाले असते, हा विचार मी फार वेळ करत नसे.

तर त्या वर्गात एके संध्याकाळी फळ्यावर एक रेघ आली. तिरकी, वळणदार, इंग्रजी ‘एस’ अक्षर ताणल्यासारखी. रिचर्ड फॉस्टर यांनी १९८६ सालच्या पुस्तकात मांडलेली. आडव्या अक्षावर ओतलेले कष्ट आणि पैसा, उभ्या अक्षावर पदरात पडलेली सुधारणा. कोणतंही तंत्र सुरुवातीला रखडतं, मग सुसाट चढतं, आणि शेवटी कितीही ओता, रेघ सपाट होत जाते. तेवढ्यात शेजारी दुसरी रेघ खालून निघालेली असते. पहिल्या रेघेवर उभ्या असलेल्यांना ती दिसत नाही, किंवा दिसली तरी हसू येतं.

मग सरांनी जहाजाची गोष्ट सांगितली. ‘थॉमस डब्ल्यू. लॉसन’. १९०२ साली अमेरिकेत बांधलेलं शिडाचं जहाज, पोलादी, आणि त्याला एक नाही, दोन नाही, सात डोलकाठ्या. आगबोटींनी माल ओढून नेला होता; तेव्हा शिडवाल्यांनी ठरवलं, आपण आणखी मोठं बांधू, आणखी शिडं लावू. मला त्या जहाजाने झपाटलं. घरी आल्यावर जेवण झाकून ठेवलेलं तसंच राहिलं आणि मी त्याचे फोटो बघत बसले. काय देखणं होतं! आणि किती केविलवाणं. वळवायला महाकठीण. एवढी अवजड शिडं माणसांना ओढवत नव्हती, म्हणून ती चढवायला डेकवर वाफेची यंत्रं बसवलेली. ज्या वाफेशी स्पर्धा, तिच्याच जिवावर शिडं उभी. १९०७ च्या डिसेंबरात, पोटात खनिज तेल भरून लंडनकडे निघालेलं हे जहाज इंग्लंडजवळच्या सिली बेटांवर वादळात फुटलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला मी लाइनवर गेले आणि मला सगळीकडे डोलकाठ्या दिसू लागल्या.

आमचं काम डिझेल इंजेक्टरचं. सुई आणि तिचं घर यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची. हाताच्या उबेनेही माप बदलतं. १ एप्रिल २०२० ला देश बीएस-४ वरून एकदम बीएस-६ वर गेला. डिझेल मोटारीच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, काजळीच्या कणांची २५ वरून साडेचारवर. आम्ही ती गाठली, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण कशी गाठली? इंधनाचा दाब वाढवला, धुराच्या वाटेवर काजळीची गाळणी आली, तिच्यामागे युरियाचा फवारा, फवाऱ्यासाठी वेगळी टाकी, टाकीसाठी सेन्सर. त्याच महिन्यापासून देशातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने डिझेल गाड्या बनवणं थांबवलं. छोट्या गाडीला एवढा सरंजाम परवडेना.

बढतीसाठी घेतलेल्या शिक्षणाने हे दाखवावं, याची मला गंमत वाटते. सकाळी ज्या कामात आपण तरबेज, संध्याकाळी त्याच कामाची उतरण आलेखावर काढायची आणि त्याला चांगले मार्क मिळवायचे. बढती मिळाली, तीही डिझेलच्या बाहेर, नव्या प्रकल्पांकडे. केबिनला काच आहे. कूलंटचा वास गेला.

टूलरूममधल्या मामांना ही जहाजाची गोष्ट मी चहाच्या वेळी सांगितली होती. त्यांचा हात असा की मायक्रोमीटर लावायच्या आधी आकडा सांगत. त्यांना आलेखात रस नव्हता. त्यांनी विचारलं, “माणसं किती होती वर?” वाटाड्या धरून १९. “वाचली किती?” दोन. कप्तान, आणि ती वाफेची यंत्रं सांभाळणारा इंजिनिअर.

मामांनी कप खाली ठेवला. “म्हणजे शिडवाले सगळे गेले.”

प्रबंधाला माझा विषय डिझेल पुरवठादारांचं विजेच्या गाड्यांकडे होणारं संक्रमण हा होता. त्यात मी एक प्रकरण मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्या हातांवर लिहिलं: हे कसब डिझेलचं नाही, अचूकतेचं आहे, ते हायड्रॉलिक्समध्ये, वैद्यकीय पंपांत, हायड्रोजनच्या इंजेक्टरमध्ये कुठे आणि कसं नेता येईल, त्यासाठी किती महिन्यांचं प्रशिक्षण लागेल. गाइडनी ते शांतपणे वाचलं. म्हणाले, चांगलं आहे, पण हे टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट नव्हे, हे एचआर झालं. मी वाद घातला; ते हट्टी होते, मीही. शेवटी तडजोड झाली आणि मामांचं प्रकरण परिशिष्टात गेलं. परिशिष्टाला मार्क नसतात.