वहीची कसोटी

व्यापाऱ्याच्या घरात वहीचे काही नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. किर्दीतले पान फाडायचे नाही. चुकलेली नोंद पुसायची नाही, उलट नोंद घालून ती दुरुस्त करायची. रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद करायचे नाही. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा या तालुक्याच्या गावी आडत दुकानदाराच्या घरात वाढलेला एक तरुण हीच कसोटी संगणकाला लावतो. संगणकाचे त्याला विलक्षण वेड आहे. सॉफ्टवेअर, प्रोग्रामिंगच्या भाषा आणि व्हिडिओ गेम या तिन्हींविषयी त्याची मते ठाम आहेत. वडिलांना, म्हणजे अण्णांना, ती बराच काळ पोरखेळ वाटत. परंतु दुकानाचा हिशोब संगणकावर न्यायचा का, हा प्रश्न घरात उभा राहिला, तेव्हा ती मते गांभीर्याने ऐकणे भाग पडले.

त्याचे पहिले मत भाषांविषयीचे. पायथन किंवा जावास्क्रिप्ट या लोकप्रिय भाषांत ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीज केली, तर उत्तर नेमके ०.३ येत नाही. तीनच्या पुढे पंधरा शून्ये आणि मग चार असा आकडा येतो. यंत्र बिघडलेले नसते. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहू गेले तर ०.३३३ असे लांबतच जाते. तसाच शून्य आणि एक यांवर चालणाऱ्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश पुरता लिहिता येत नाही. हा सूक्ष्म फरक असंख्य नोंदींत साचला, की मेळ चुकू शकतो. १९५९ साली व्यापारी कामांसाठी आखणी सुरू झालेल्या कोबोल भाषेत रकमा दशमान पद्धतीने मोजण्याची सोय होती. नव्या पिढीने तिला जुनाट ठरवले, तरी अनेक बँकांची कामे आजही तिच्यावर चालतात. पायथनमध्येही तशी सोय आहे, पण ती मुद्दाम वापरावी लागते. तरुणाचा सल्ला अगदी सोपा आहे: रक्कम पैशांत साठवावी. साडेबारा रुपये म्हणजे १,२५० पैसे. पूर्ण संख्यांच्या बेरजेत असा फरक राहत नाही.

सॉफ्टवेअरची गोष्ट निघाली, की तो टॅलीचे उदाहरण देतो. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी १९८६ साली बंगळुरूत ही कंपनी सुरू केली. वडिलांच्या व्यवसायाला हवे तसे हिशोबाचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा मुलाने ते लिहिले. अण्णांना ही कथा आवडे. त्यांचा आक्षेप मात्र कायम राही. “कागदावरची खाडाखोड दिसते रे. तुझ्या पडद्यावर काल काय होते, ते मला कोण सांगणार?”

“अण्णा, तुमचे म्हणणे बरोबरच आहे,” असे म्हणून तो पुढची माहिती देई. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालील कंपन्यांना, प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे हिशोबाचे सॉफ्टवेअरच वापरावे लागते. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला ही सक्ती नाही. तरीही ती शिस्त पाळावी, असे त्याचे मत. प्रोग्राम लिहिणारेही ती पाळतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेल्या गिट या साधनात कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली, हे नोंदले जाते; चूक दुरुस्त करायची तर उलट बदल घालण्याची सोय असते. त्याची दुसरी अट अशी, की हिशोबाची संपूर्ण प्रत, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडता येईल अशा साध्या स्वरूपात, दर आठवड्याला आपल्या कपाटात यावी. वर्गणी थांबताच स्वतःची वही स्वतःलाच बंद व्हावी, हे कोणत्याही व्यापाऱ्याला परवडणारे नाही.

अण्णांचा खरा राग व्हिडिओ गेमवर होता, आणि तो अकारण नव्हता. तरुण खेळांचे दोन भाग करतो. ज्यात नियम सर्वांना सारखे असतात आणि हरल्यावर फार तर वेळ जातो, तो खेळ. ज्यात रक्कम लावावी लागते आणि पट मांडणारा दर डावातून आपला वाटा काढतो, तो जुगार. मोबाइलवर आला म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्या बंदीत मानलेला नाही; ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता आहे. खेळ रचणे हाही कष्टाचा उद्योग आहे, हे पटवण्यासाठी तो पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा २०२० साली आलेला गेम दाखवतो. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या बहिणीची ती कथा प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवर घडते.

अखेर अण्णांनी तोड काढली. एक वर्ष दोन्ही वह्या चालतील. रोज संध्याकाळी दोन्हींचा मेळ जुळला, तरच पुढचा विचार. मुलाला यात अविश्वास दिसला नाही. नव्या मुनिमालाही पेढी असेच पारखून घेते. शेतकरी आडतीवर माल उतरवतो, तो पट्टीवरच्या आकड्याच्या भरवशावर. तो आकडा हाताने लिहिला की यंत्राने छापला, याची त्याला फिकीर नसते. त्याने विचारले, तर मागचा हिशोब जसाच्या तसा दाखवता आला पाहिजे.